एकशे त्रेसष्ट कॉलम आणि एक पट्टी : प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका आडत्याचं (शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्याचं) काम घेतलंय. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर बंद करायचं आणि सगळा डेटा नव्यात न्यायचा. जुनं ज्यांनी करून दिलं त्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला. सोर्स कोड नाही, कागदपत्रं नाहीत, फोन लागत नाही. आहे ते एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ एक्सप्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ९ जुलै २०१९ लाच बंद केला, आणि त्यात एक अवाढव्य टेबल. ४ लाखांवर ओळी, १६३ कॉलम. कॉलमांची नावं एफ००१, एफ००२ अशी ओळीने. मधेच कुणीतरी नंतर घुसडलेले चार-पाच नावाचे.

ठाण्याहून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून वाशी गाडी पकडली, तुर्भ्याला उतरून रिक्षा. गाळ्यावर कांद्याच्या टरफलांचा थर, कॉम्प्युटरच्या कीबोर्डमध्येसुद्धा. शेठ फोनवर होते, माझ्याशी बोलले ते दिवाणजी काका. त्यांनी पट्टीबुकातली (पट्टी म्हणजे विक्री आणि वजावटी दाखवणारा शेतकऱ्याचा हिशेब) एक कार्बन कॉपी काढून समोर ठेवली:

पट्टी क्रमांक १०४८२२३, तारीख १४/०३/२०१९. गोणी ४२, वजन २१३४ किलो, दर १८. एकूण ३८,४१२. वजा हमाली ३५७, तोलाई ९४.५०, वाराई ८४, मोटारभाडं ७७०. निव्वळ ३७,१०६.५०.

"ताई, ही पट्टी कॉम्प्युटरात आहे. छापली पण तिथूनच. आता कुठे काय लपलंय ते तुम्ही शोधा."

म्हणजे प्रश्न असा: कागदावर १० आकडे आहेत, टेबलात १६३ खण आहेत, कोणता आकडा कुठल्या खणात?

संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी १९८५ मध्ये रिलेशनल (टेबलांत डेटा ठेवणाऱ्या) डेटाबेससाठी जे नियम मांडले त्यातला एक म्हणतो, टेबलाचं नाव, प्राथमिक की (नेमकी ओळ ओळखणारं मूल्य) आणि कॉलमचं नाव या तिघांवरून कुठलंही मूल्य मिळालंच पाहिजे. आमच्या हातात मूल्य आहे आणि कॉलमचं नाव हवंय. वरात उलटी निघालीय.

काका म्हणाले, "सर्व्हर इथेच आहे, आत्ताच बघा ना." नको म्हटलं. अख्खं टेबल चाळणारी क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) चालू असताना बाहेर कुणी पट्टी करत असेल तर त्याचा स्क्रीन अडकून बसणार, आणि गाडी रिकामी करून पैशासाठी थांबलेला माणूस शिव्या मला घालणार. बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नौपाड्यात घरीच. बॅकअप माझ्या लॅपटॉपवरच्या नव्या आवृत्तीवर विनातक्रार उतरला. भाचा येऊन बसलाय, बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला प्रोजेक्टसाठी काहीतरी "खरं" हवं होतं.

कॉलमांची यादी हाताने करायची गरज नाही, ती डेटाबेसमध्येच टेबलासारखी ठेवलेली असते (हाही कॉड यांच्या नियमांपैकीच एक). इन्फर्मेशन स्कीमामधून, म्हणजे त्या यादीतून, नाव आणि प्रकार काढले. मग त्या यादीवरूनच क्वेरीचा मजकूर जोडायचा आणि तो चालवायचा. डायनॅमिक एसक्यूएल म्हणतात ते हेच.

भाच्याने आधी लूप लावला: एकेक कॉलम घे, मजकुरात बदल, लाइकने (मजकुरात कुठेही तुकडा शोधायची सोय) शोध, सापडलं तर नोंद. चाललं, पण ११ मिनिटं. साहजिक आहे, १६३ कॉलम म्हणजे टेबल १६३ वेळा वाचलं. लाइकच्या सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह ("आधी काहीही चालेल") असलं की इंडेक्सचा (शोधाच्या तयार सूचीचा) उपयोग शून्य. त्याऐवजी एकाच सिलेक्ट क्वेरीमध्ये प्रत्येक कॉलमसाठी "जुळलं तर १, नाही तर ०" अशी बेरीज लावली. टेबल एकदाच वाचलं जातं आणि उत्तरात १६३ मोजण्या एका ओळीत येतात. ४० सेकंद. भाचा खूश.

दोन ठेचा लागल्या. पहिली: नंतर घुसडलेल्या एका कॉलमच्या नावात मधेच स्पेस होती, क्वेरी तिथेच आपटली. क्वोटनेम लावलं, ते नावाला चौकोनी कंस घालून देतं. आपण हाताने कंस लावत बसू नये, नावातच बंद कंस असला तर पुन्हा तेच रडगाणं.

दुसरीत तासभर गेला. तयार झालेला मजकूर प्रिंट या आज्ञेने तपासायला गेले तर मधेच तुटलेला. वाटलं, जोडताना कापला जातोय. व्हेरिएबल एन-व्हारचार मॅक्स (लांब मजकूर मावणारा प्रकार) आहे, सगळं बरोबर आहे, तरी तुटतोय. शेवटी कळलं की मजकूर पूर्णच होता. प्रिंट स्वतःच ४००० अक्षरांवर थांबतं. लांबी मोजली असती तर ५ सेकंदांचं काम होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पट्टीतले आकडे एकेक करून लावले.

२१३४ : ९ कॉलमांत. ४२ : ९७ कॉलमांत (अर्थात, ४२ कशातही असतं, मोबाइल नंबरात सुद्धा). ३५७ : ५८. पट्टी क्रमांक १०४८२२३ : शून्य.

शून्य. ज्या आकड्यावर सगळी भिस्त होती, जो सगळ्या टेबलात एकदाच असायला हवा, तोच नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, दुसऱ्या टेबलात असेल." बाकीची ३१ टेबलं पण चाळली. नाही. काकांना फोन केला, क्रमांक नीट वाचला ना म्हणून. त्यांनी तीनदा वाचून दाखवला आणि वर ऐकवलं, "स्क्रीनवर आत्ता काढून बघतोय, समोर दिसतीय पट्टी."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सापडलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

क्रमांकाचा कॉलम फ्लोट (अंदाजे साठवलेली दशांश संख्या) प्रकारचा आहे. पट्टी क्रमांकाला फ्लोट कोण ठेवतं हे विचारू नका. तर एसक्यूएल सर्व्हर फ्लोटचा सरळ मजकूर करताना जास्तीत जास्त ६ अंक ठेवतो. सातवा अंक आला की लिहायची पद्धतच बदलते: १०४८२२३ चं होतं १.०४८२२ई+००६ (१.०४८२२ गुणिले दहा लाख). आम्ही शोधत होतो १०४८२२३ ही अक्षरं, आणि ती तिथे मजकूर म्हणून उरलीच नव्हती. वर शेवटचा ३ पण गळाला. शेजारच्या १०४८२२१, १०४८२२२ या पट्ट्यांचा मजकूरही अगदी हाच झाला असता.

२१३४ सापडला कारण तो ६ अंकांच्या आत होता. त्यामुळे आपली पद्धत बरोबर आहे असा उगाच विश्वास बसला. सगळंच चुकलं असतं तर बुधवारीच शंका आली असती.

आणखी एक याच जातीचं: ९४.५० शोधलं तर फ्लोटमध्ये ते ९४.५ असतं, शेवटचं शून्य नसतं, म्हणून मजकूर जुळत नाही.

आता शोध प्रकारानुसार तीन वाटांनी. संख्येचे कॉलम संख्या म्हणूनच तपासायचे, फरक ०.००५ च्या आत असेल तर जुळलं म्हणायचं (फ्लोटला बरोबरचं चिन्ह लावणं म्हणजे नशिबावर हवाला). तारखांना तारीख म्हणून. मजकुराला फक्त मजकूर. सगळ्याला एकाच चरकातून काढायचं नाही. तारखांचं तर आधीपासूनच हुकलेलं होतं: सरळ मजकूर केला की १४/०३/२०१९ चं "मार्च १४ २०१९ १२:००एएम" होतं, महिना इंग्रजीत. आमचे तिरपे दंड त्यात कुठून सापडणार.

एफ०१७ म्हणजे पट्टी क्रमांक. एफ०१९ तारीख. दोन खण उघडले.

सोमवार, १० फेब्रुवारी

मजकुराचे कॉलम. शेरा कुठे साठवतात ते हवं होतं. काकांच्या पट्टीवर हाताने लिहिल्यासारखा एक शेरा छापलेला: "शेतकऱ्याच्या सांगण्यावरून दोन वक्कल वेगळे."

भाच्याने आधी "कांदा" लावून पाहिलं. ४ हजारांवर ओळी, एकाच कॉलमात! उघडून बघतो तर एकाही ओळीत कांदा नाही. नुसती प्रश्नचिन्हं: ????? ????

इथे मला हसू आवरेना. त्याने अवतरणाआधी एन हे अक्षर लावलं नव्हतं. एन नसलं की एसक्यूएल सर्व्हर तो शब्द डेटाबेसच्या जुन्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या ठरलेल्या यादीत) बसवतो, आणि तिथे देवनागरी नाही. कांदा मध्ये क, काना, अनुस्वार, द, काना अशी ५ चिन्हं, त्यांची झाली ५ प्रश्नचिन्हं. आणि तो कॉलम पण एन नसलेला व्हारचार (मजकुराचा प्रकार), त्यात मराठी भरताना कोणे एके काळी हेच झालेलं. म्हणजे हरवलेल्या कांद्याने हरवलेला कांदा शोधला. त्या ओळींतलं मराठी परत येणार नाही, बॅकअपमध्येही नाही. शेठना सांगावं लागेल.

एन लावून "शेतकऱ्याच्या" शोधलं. शून्य. "सांगण्यावरून" शोधलं. एफ१३९ मध्ये लगेच सापडलं, आणि त्याच ओळीत डोळ्यांना "शेतकर्‍याच्या" स्पष्ट दिसतंय.

मराठी टायपणाऱ्यांना हा छळ माहीत असेल. तो अर्धचंद्रासारखा र दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक: नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दुसरा: साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, आत वेगवेगळे. अचूक जुळणीसाठी मी बायनरी कोलेशन (अक्षरांमागचे कोड जसेच्या तसे ताडणारा नियम) लावलं होतं, त्याला ते वेगळे शब्द वाटले, आणि त्याच्या बाजूने बरोबरच आहे. शेतकऱ्या, दुसऱ्या, कोऱ्या गोणी, कुऱ्हाडे आडनाव, सगळीकडे हा घोळ. मोजलं: शेऱ्यांमध्ये दोन्ही तऱ्हा आहेत, साधारण ३ ला १ प्रमाणात. २ कीबोर्ड, २ माणसं. नव्यात नेताना एकच रूप करायचं, आणि शोधतानाही शोधशब्दाला त्याच रूपात आणायचं.

भाच्याला वहीत लिहायला लावलं. नाहीतर हा पोरगा उद्या कुठेतरी बसून म्हणेल, डेटाच नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

क्रमांक मिळाल्यामुळे ओळ मिळाली, आणि ओळ मिळाल्यावर १६३ कॉलम एका ओळीचे उभे करून पाहता येतात: डावीकडे नाव, उजवीकडे मूल्य. शोधायचं टेबल ४ लाख ओळींवरून १ वर आलं. हे शुक्रवारीच करायला हवं होतं.

गोणी एफ०२२, वजन एफ०२३, दर एफ०२४, एकूण एफ०३०, मोटारभाडं एफ०६१. हमाली ३५७ एफ०५२.

तोलाई ९४.५० कुठेच नाही. वाराई ८४ नाही. निव्वळ ३७,१०६.५० पण नाही.

निव्वळ नसणं समजू शकते. बेरीज-वजाबाकी छापताना होत असेल, साठवायची गरज नाही. स्क्रीनवर दिसतं म्हणून ते टेबलात असेलच असं नाही, हे मी भाच्याला सांगितलं खरं, पण तोलाई-वाराई न साठवून कसं चालेल?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पुन्हा तुर्भे. गाळ्यावर एक जुना कॉम्प्युटर अडगळीत होता, त्यावर जुनं सॉफ्टवेअर आणि डेटाबेसची चाचणी-प्रत चढवली. बेत असा की जुनं धुंडाळण्यापेक्षा आपणच एक खुणेची पट्टी घालायची, असे आकडे की जे दुसऱ्या कशात चुकूनही सापडणार नाहीत.

काका पहिल्यांदा उत्साहात आले. "खोटी पट्टी? तिसाव्या वर्षी पहिल्यांदाच करतोय." शेतकऱ्याचं नाव त्यांनीच सुचवलं: "खुणे".

गोम अशी की हमाली-तोलाई स्क्रीनवर टाइप करता येत नाहीत, गोणीमागे दराने आपोआप येतात. मग दरांच्या मास्टरमध्येच (दर ठेवलेल्या मूळ यादीत) जाऊन विचित्र दर घातले: हमाली ७.१३, तोलाई ३.०७, वाराई १.१९. गोणी ७१. पट्टी छापली: हमाली ५०६.२३, तोलाई २१७.९७, वाराई ८४.४९. काकांनी कॅल्क्युलेटरवर तीनही ताडून पाहिले, मशीनवर त्यांचा विश्वास नाही.

ओळ उभी केली. ३८ कॉलम भरलेले, बाकी रिकामे किंवा शून्य. ५०६.२३ एफ०५२ मध्ये, म्हणजे हमाली पक्की. २१७.९७ नाही. ८४.४९ नाही.

मी चहा घेत बसले होते, भाचा यादीवर बोट फिरवत होता. "मावशी, एफ०५८ मध्ये ३०२.४६ आहे. हा कुठला?" मी पट्टी बघितली. असा आकडा कुठेच नाही. त्याने मोबाइलवर बेरीज केली. २१७.९७ अधिक ८४.४९.

तोलाई आणि वाराई एकत्र साठवतात. पट्टी छापताना मास्टरमधल्या दराने पुन्हा दोन भाग करतात. लगेच २०१९ ची ओळ पाहिली: एफ०५८ मध्ये १७८.५. बरोबर, ९४.५० अधिक ८४.

काकांना समजावलं तर ते एकदम उभेच राहिले. "म्हणजे दर बदलला, आणि जुनी पट्टी परत छापली, तर?" तर बेरीज तीच राहणार, पण तोलाई आणि वाराई आजच्या दरांच्या प्रमाणात फुटणार. "मी शेठना कितीदा सांगितलं! परत छापली की तोलाईचा आकडा हलतो. म्हणाले, तुमचा चष्मा बदला."

त्यांनी पट्टीबुक आणलं, २०१९ चीच पट्टी त्या जुन्या कॉम्प्युटरवर मूळ दर परत घालून आणि मग आजच्या दराने, अशी दोनदा छापायला लावली. कार्बन कॉपीशेजारी दोन्ही कागद ठेवले. एक जुळला, एक नाही. शेठना बोलावून आणलं. शेठ काही बोलले नाहीत, काकांसाठी स्पेशल चहा सांगितला.

नव्या टेबलात तोलाई वेगळी, वाराई वेगळी, आणि त्या दिवशीचा दर त्या ओळीतच. जुन्या ओळींसाठी दर कुठल्या तारखेला बदलले ते काकांच्या रोजमेळातून घ्यावं लागणार. दुसरा इलाज नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अजून ४० एक कॉलम निनावी. त्यांच्यासाठी खुणेची पट्टी उपयोगाची नाही, कारण आजच्या स्क्रीनवरून ते भरलेच जात नाहीत. मग मूल्य न शोधता प्रत्येक कॉलमचं आयुष्य काढलं: शून्य नसलेलं पहिलं मूल्य कुठल्या तारखेचं, शेवटचं कुठल्या. पुन्हा तीच युक्ती, कॉलमांच्या यादीवरून एक लांबलचक सिलेक्ट.

हे फारच बोलकं निघालं. एफ०६४ सुरुवातीपासून भरत आला आणि जुलै २०१६ मध्ये गपकन थांबला. एफ०९१ त्याच महिन्यात सुरू झाला. मार्केटमधल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. तेव्हा संप झाला होता, गाळे बंद होते. एफ०६४ शेतकऱ्याच्या पट्टीतली आडत, एफ०९१ खरेदीदाराच्या बिलातली. एका ओळीतला आकडा पाहून हे कधीच कळलं नसतं.

११ कॉलम असे की ज्यांत एकही मूल्य कधीच आलं नाही. वगळले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. सुट्टी. गोखले रोडवर सकाळपासून ढोल, कामाचं नावही काढलं नाही. फक्त संध्याकाळी शोधाची स्क्रिप्ट नीट नावं देऊन ठेवली. भाच्याने त्यात प्रत्येक ठिकाणी एन घातलाय, जिथे गरज नाही तिथेही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कॉलमांचा नकाशा छापून गाळ्यावर नेला. १६३ ओळी, समोर मराठी नाव, कशावरून ठरवलं ते, आणि खात्री किती. काकांनी शिसपेन्सिलने तपासला. तीन ठिकाणी माझी नावं बदलली ("बारदान म्हणा ताई, रिकामी गोणी कोण म्हणतं"). प्रश्नचिन्हवाल्या ४ हजार ओळींचं शेठना सांगितलं. ते म्हणाले, शेरेच आहेत ना, पैसे नाहीत ना, मग जाऊ दे.

शेवटी एकच राहिला, एफ११७. ६१ ओळी, सगळ्या २०१३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या, प्रत्येकीत २० किंवा ४० रुपये. मला काहीच लागलं नव्हतं, समोर नुसतं "?" लिहून ठेवलेलं.

काकांनी तारखा वाचल्या, चष्मा वर केला. "काटा बिघडला होता. शेजारच्या गाळ्यावरून तोलून आणायचो, गाडीमागे वीस रुपये घ्यायचा तो. दोन महिने चाललं." आणि पेन्सिलने लिहिलं: काटाभाडं.

विचारलं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये हा खण ठेवायचा का, बारा वर्षांत वापरलेला नाही.

"ठेवा," म्हणाले. "काटा तोच आहे."